उजव्या न्यूट्रिनोंचा माग

न्यूट्रिनोला वस्तुमान असते, हे १९९८ पासून प्रयोगाने सिद्ध झालेले आहे; ते त्याला कोठून मिळते, याचे उत्तर मात्र अद्याप कोणाच्याही हाती नाही. जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगाने पन्नास हजार टन पाण्याच्या टाकीत वातावरणातून येणारे न्यूट्रिनो मोजले, तेव्हा पृथ्वीचा गोल भेदून खालून येणाऱ्या म्यूऑन-न्यूट्रिनोंची (इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ या तीन जातींपैकी एकीची) संख्या अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे कमी भरली आणि हे कण वाटेत आपली जात बदलतात, हे मान्य करावे लागले. (वातावरणातील हे न्यूट्रिनो प्रथम टिपले गेले ते १९६५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींत, कोलारच्या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा मोठा होता.) पाठोपाठ कॅनडातील सडबरी येथील वेधशाळेने सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंबाबत हाच निष्कर्ष काढला, आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक ताकाकी काजिता व आर्थर मॅकडोनाल्ड यांना या कामासाठी मिळाले. जात बदलायची तर वस्तुमान असावे लागते, आणि मूलकणांचे आजवरचे सर्वांत यशस्वी गणित, म्हणजे ज्याला स्टँडर्ड मॉडेल म्हणतात ते, न्यूट्रिनोला वस्तुमान देतच नाही.

ही त्रुटी अपघाती नाही. प्रत्येक मूलकणाला परिवलन नावाचा एक गुण असतो. कण ज्या दिशेने जातो तिच्या संदर्भात हे परिवलन कोणत्या बाजूचे आहे, यावरून त्याला डावा किंवा उजवा म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि क्वार्क दोन्ही रूपांत आढळतात, आणि हिग्ज क्षेत्र या दोन रूपांना एकमेकांशी जोडते, त्या जोडणीलाच वस्तुमान म्हणतात. न्यूट्रिनो मात्र फक्त डावा आढळतो, हे गोल्डहाबर, ग्रॉडझिन्स आणि सन्यार यांनी १९५८ मध्ये एका देखण्या प्रयोगाने दाखवले. जोडीदारच नसल्यामुळे हिग्ज क्षेत्राला जोडायला काही उरत नाही. तेव्हा सर्वांत साधा उपाय असा की उजवा न्यूट्रिनो अस्तित्वात आहे, पण तो दिसलेला नाही, असे मानावे. तो न दिसण्याचे कारणही तयार आहे: त्याला विद्युतभार नाही, अणुकेंद्राला बांधून ठेवणारे प्रबल बल त्याला लागू नाही, आणि न्यूट्रिनोंची ओळख ज्यामुळे पटते ते क्षीण बलही फक्त डाव्या न्यूट्रिनोंवर चालत असल्यामुळे त्याला शिवत नाही. म्हणूनच भौतिकशास्त्रज्ञ त्याला निष्क्रिय न्यूट्रिनो म्हणतात, किंवा अधिक नेमकेपणाने जड उदासीन लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, त्याची जड भावंडे म्यूऑन व टाऊ, आणि न्यूट्रिनो या कुळाला लेप्टॉन म्हणतात).

‘जड’ हे विशेषण कोठून आले, हे समजण्यासाठी काही आकडे डोळ्यांपुढे ठेवावे लागतात. कणांचे वस्तुमान इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात मोजले जाते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान या एककात ५ लाख ११ हजार भरते, तर प्रोटॉनचे जवळजवळ शंभर कोटी, म्हणजे एक गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट किंवा संक्षेपाने एक जीईव्ही. जर्मनीतील कार्ल्सरुहे येथील काट्रिन प्रयोगाने न्यूट्रिनोसाठी ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ही वरची मर्यादा घातली आहे, आणि जात बदलण्याच्या मोजमापांवरून निदान एका न्यूट्रिनोचे वस्तुमान ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी असू शकत नाही. म्हणजे इलेक्ट्रॉनसारखा हलका कणही न्यूट्रिनोपेक्षा किमान दहा लाख पट जड ठरतो. हिग्ज क्षेत्राने इतर सर्वांना एका मापाने आणि न्यूट्रिनोला एवढ्या क्षुल्लक मापाने का द्यावे, याचे समाधानकारक कारण हवे.

ते कारण पुरवणारी कल्पना १९७७ ते १९८० या काळात पीटर मिन्कोव्स्की, त्सुतोमु यानागिदा, मरे गेलमान, पियेर रामों आणि रिचर्ड स्लान्स्की, तसेच रवींद्र मोहपात्रा आणि गोरान सेन्यानोविच यांनी वेगवेगळ्या वाटांनी मांडली. उजव्या न्यूट्रिनोला कोणताच भार नसल्यामुळे त्याला हिग्जच्या मदतीशिवाय स्वतःचे वस्तुमान धारण करण्याची मुभा आहे, आणि ते कितीही मोठे असू शकते. अशा वेळी हिग्ज क्षेत्राने घडवलेल्या जोडणीमुळे डाव्या न्यूट्रिनोच्या वाट्याला जे वस्तुमान येते, ते त्या जोडणीच्या मापाचा वर्ग भागिले उजव्याचे वस्तुमान, एवढेच उरते. बागेतल्या सी-सॉच्या फळीवर एका टोकाला दांडगा मुलगा बसला की दुसरे टोक जसे वर उचलले जाते, तसे जड भावंड जितके जड तितके हलके भावंड हलके. या यंत्रणेला सी-सॉ हेच नाव पडले. आणखी एक परिणाम असा की असे वस्तुमान धारण करणारा कण आणि त्याचा प्रतिकण यांत भेद राहत नाही. ही शक्यता एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने १९३७ मध्येच दाखवून दिली होती.

सी-सॉचे गणित आकर्षक आहे, पण ते जड कणाचा पत्ता सांगत नाही. हिग्जशी असलेली जोडणी टॉप क्वार्कइतकी घट्ट मानली, तर ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या हिशेबाने उजवा न्यूट्रिनो प्रोटॉनच्या सुमारे सहा कोटी कोटी पट जड निघतो आणि कोणत्याही कल्पनीय यंत्राच्या आवाक्याबाहेर जातो. हीच जोडणी इलेक्ट्रॉनइतकी सैल मानली, तर वस्तुमान ५,००० जीईव्हीच्या आसपास येते, आणि ती याहून सैल नसावी असे सांगणारा कोणताही नियम नाही. ताकेहिको असाका, स्टीव्ह ब्लँशे आणि मिखाईल शापोश्निकोव्ह यांनी २००५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात तर दोन जड न्यूट्रिनो काही जीईव्हीच्या टप्प्यात येतात आणि तिसरा इतका हलका असतो की तो विश्वातील कृष्णद्रव्याचा उमेदवार ठरतो. थोडक्यात, सिद्धान्ताने दिलेला शोधाचा पट्टा एवढा रुंद आहे की एखाद्या यंत्राने काही न सापडल्याचे जाहीर केले, तरी मूळ कल्पना खोटी ठरत नाही. या क्षेत्रातील लेखनात ही अडचण बऱ्याचदा आलेखांच्या रंगीत पट्ट्यांमागे लपते. ती समोर ठेवूनच भावी यंत्रांचे मूल्यमापन करायला हवे.

निष्क्रिय कण यंत्रात सापडावा कसा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर असे की हिग्जच्या जोडणीमुळे डावा आणि उजवा न्यूट्रिनो किंचित एकमेकांत मिसळतात, आणि या मिश्रणाच्या प्रमाणात जड कणाला क्षीण बलाचा उसना स्पर्श लाभतो. जेथे जेथे साधा न्यूट्रिनो निर्माण होतो, तेथे तेथे ऊर्जा पुरेशी असल्यास अत्यल्प शक्यतेने त्याच्याऐवजी जड न्यूट्रिनो निर्माण होईल. ही शक्यता मिश्रणाच्या मापाच्या वर्गावर अवलंबून असते आणि सर्वांत साध्या सी-सॉमध्ये ती हलक्या व जड न्यूट्रिनोच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराएवढी असते. ५० जीईव्हीच्या कणासाठी ती लाख कोटीत एक एवढी भरते. वस्तुमान आणि मिश्रण यांच्या आलेखावर ही किमान अपेक्षा एका उतरत्या रेषेने दाखवतात, आणि तिला सी-सॉ रेषा म्हणतात. दोन जड न्यूट्रिनो जवळजवळ समान वस्तुमानाचे असून हलक्या न्यूट्रिनोच्या वस्तुमानातले त्यांचे वाटे एकमेकांना खोडून काढत असतील, तर मिश्रण या रेषेच्या कितीतरी वर असू शकते. अशी खोडाखोड गणिती योगायोग नसून लेप्टॉन-संख्या (लेप्टॉन वजा त्यांचे प्रतिकण) जवळजवळ टिकून राहण्याच्या नियमातून आपसूक येते, असे दाखवणारी प्रतिमाने मोहपात्रा आणि होसे वाये यांनी १९८६ मध्ये दिली. तरीही रेषेच्या खूप वरचा प्रदेश हा सौजन्याने मान्य केलेला प्रदेश आहे, हे विसरता येत नाही.

आजवरच्या शोधांपैकी सर्वांत बोलका शोध जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील लेप यंत्राचा आहे. २७ किलोमीटरच्या वर्तुळाकार बोगद्यात इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणाऱ्या या यंत्राने १९८९ पासून पुढे काही वर्षांत सुमारे १ कोटी ७० लाख झेड बोसॉन निर्माण केले. झेड हा क्षीण बलाचा उदासीन वाहक असून त्याचे वस्तुमान ९१ जीईव्ही आहे. झेडच्या दर शंभर विघटनांपैकी वीस न्यूट्रिनोंच्या जोडीत होतात आणि शोधकयंत्राला ती दिसत नाहीत, पण झेडच्या रुंदीवरून, म्हणजे त्याच्या वस्तुमानाच्या पसाऱ्यावरून, त्यांचा हिशेब लागतो, आणि त्यातूनच हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती तीनच असल्याचे ठरले. २००६ मध्ये लेपवरच्या चारही प्रयोगांचा एकत्रित आकडा २.९८४ असा प्रसिद्ध झाला. तो तीनपेक्षा किंचित कमी होता, आणि जड न्यूट्रिनो मिसळलेला असल्यास नेमका असाच किंचित तुटवडा पडायला हवा, म्हणून त्या आकड्याकडे बरीच वर्षे आशेने पाहिले गेले. पुढे कणांच्या झोतांचा परस्परांवर होणारा परिणाम आणि टकरी मोजण्याचे संदर्भगणित सुधारून घेतल्यावर आकडा २.९९६ वर आला आणि तुटवडा नाहीसा झाला. तीस वर्षांपूर्वीच्या नोंदींतला दोष एवढ्या उशिरा हाती लागावा, ही या शास्त्राच्या शिस्तीची साक्ष आहे, आणि सूक्ष्म तुटवड्यावर इमले बांधणाऱ्यांना इशाराही.

लेपच्या प्रयोगांनी जड न्यूट्रिनोचा थेट शोधही घेतला. टाटा संस्थेचा सहभाग असलेला एल-थ्री प्रयोग त्यात होता. परंतु डेल्फी प्रयोगाने १९९७ मध्ये घातलेली मर्यादा अधिक टिकाऊ ठरली. सुमारे ३.५ ते ५० जीईव्ही या पट्ट्यात मिश्रणाची शक्यता लाखांत एक-दोनपेक्षा जास्त नाही, असे तिने सांगितले. त्याच बोगद्यात आज चालणारा लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, प्रोटॉनांच्या टकरींतून झेडचा विद्युतभारित सोबती असलेले डब्ल्यू बोसॉन शेकडो कोटींच्या संख्येने निर्माण करतो. तरीही अ‍ॅटलस आणि सीएमएस या प्रयोगांना दहा जीईव्हीच्या आसपासच्या निवडक वस्तुमानांसाठीच दहा लाखांत एक या पातळीखाली उतरता आले. संख्या असूनही पल्ला वाढत नाही, कारण प्रोटॉन हा क्वार्क आणि ग्लुऑन यांचा गठ्ठा आहे. त्याच्या प्रत्येक टकरीत कणांचा असा राडारोडा उडतो की मंद ऊर्जेचा एखादा म्यूऑन नोंदवून ठेवावा की सोडून द्यावा, याचा निर्णय यंत्राला सेकंदाच्या दशलक्षांश भागांत घ्यावा लागतो. दोन जीईव्हीखालच्या कणांसाठी तर कोलायडर ही योग्य जागाच नाही. तेथे धातूच्या जाड ठोकळ्यावर प्रोटॉनांचा झोत आपटून दूरवर वाट पाहणारे प्रयोग सरस ठरतात, आणि सर्नने २०२४ मध्ये मंजूर केलेला शिप हा प्रयोग त्याच जातीचा आहे.

भावी यंत्रांपैकी या प्रश्नाशी सर्वांत जवळचे नाते आहे ते सर्नच्या प्रस्तावित फ्यूचर सर्क्युलर कोलायडरचे. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यवहार्यता अहवालानुसार फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या भूमीखाली सरासरी दोनशे मीटर खोल, ९०.७ किलोमीटर परिघाचा बोगदा खणून त्यात पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरी घडवायच्या, असा बेत आहे. खर्चाचा अंदाज सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक असून मंजुरी मिळाल्यास यंत्र २०४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू होईल. हिग्ज बोसॉनचे सूक्ष्म मापन हे त्याचे जाहीर उद्दिष्ट आहे, परंतु जड न्यूट्रिनोसाठी महत्त्वाची आहेत ती झेडच्या ऊर्जेवर चालवायची चार वर्षे. या काळात सुमारे सहा लाख कोटी झेड निर्माण होतील. लेपने साऱ्या आयुष्यात जमवले तेवढे झेड येथे दोनेक मिनिटांत जमतील.

या संख्येचा अर्थ साध्या गुणाकाराने कळतो. झेड एका जातीच्या न्यूट्रिनो-जोडीत शंभरातून सुमारे सात वेळा विघटन पावतो, आणि जोडीतला कोणताही एक सदस्य जड असू शकत असल्यामुळे, सहा लाख कोटींपैकी सुमारे ऐंशी हजार कोटी विघटनांत जड न्यूट्रिनोला एकेक संधी मिळते. मिश्रणाची शक्यता दहा हजार कोटींत एक असली, तर आठ घटना हाती लागायला हव्यात. ५० जीईव्हीचा कण निर्माण करताना ऊर्जेची ओढाताण होते, म्हणून प्रत्यक्षात चार-पाच. सी-सॉ रेषेवर म्हणजे याच्या दहापट खाली गेल्यास अपेक्षा अर्ध्या घटनेवर येते. रेषा हाताशी येते, हाती लागत नाही, असे म्हणणे रास्त ठरेल. पण दहा ते ऐंशी जीईव्हीच्या पट्ट्यात एवढ्या जवळ जाणारा, अशा झेड-मोहिमेखेरीज दुसरा मार्ग सध्या कोणाच्या आराखड्यात नाही.

चार-पाच घटनांवर विश्वास ठेवायचा तर त्यांची ओळख निःसंशय पटायला हवी, आणि येथे कणाचा दुबळेपणाच उपयोगी पडतो. जड न्यूट्रिनो ज्या मिश्रणामुळे जन्मतो त्याच मिश्रणामुळे विघटन पावतो; मिश्रण अत्यल्प असल्यामुळे तो लगेच मरत नाही. त्याचे आयुर्मान वस्तुमानाच्या पाचव्या घातानुसार घटते, म्हणजे वस्तुमान निम्मे झाल्यास आयुर्मान बत्तीस पट वाढते, आणि हलका कण अधिक वेगाने धावत असल्यामुळे तो कापत असलेले अंतर त्याहूनही जास्त पटीने वाढते. वरील उदाहरणातला ५० जीईव्हीचा कण जन्मस्थानापासून साधारण दहा-वीस सेंटिमीटर जाऊन फुटेल, तर तेवढ्याच मिश्रणाचा २५ जीईव्हीचा कण कित्येक मीटर जाऊन, बहुधा शोधकाच्या बाहेर पडून, निसटेल. पहिल्या प्रकारची घटना विलक्षण दिसते: टकरीच्या बिंदूपाशी काहीच नाही, आणि तेथून वीतभर अंतरावर एक इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन आणि त्याच्यासोबत कणांचा फवारा अवकाशातून उगवल्यासारखा दिसतो. बॉटम क्वार्क असलेले कण काही मिलिमीटरांतच संपतात. के-मेसॉनसारखे दूर जाणारे कण हलके असून त्यांच्या विघटनात दोनच रेषा दिसतात. आणि आकाशातून येणारे वैश्विक किरण बोगद्याच्या खोलीमुळे विरळ होतात. त्यामुळे भेसळ जवळजवळ शून्यावर आणता येते.

यातून शोधकयंत्राच्या रचनेवर एक मागणी येते, जिची दखल यंत्राच्या आराखड्यांत अलीकडे घेतली जाऊ लागली आहे. आजवरचे शोधक टकरीच्या बिंदूकडे तोंड करून बांधले गेले, कारण जे काही घडते ते तेथेच घडते असे गृहीत होते. दूर फुटणाऱ्या कणासाठी मागोवा घेणारा भाग रुंद हवा, त्याच्या बाहेरच्या थरांतही रेषा कोठून निघाली हे कळायला हवे, आणि कणाच्या आगमनाची वेळ अचूक नोंदवली जायला हवी, म्हणजे उशिरावरून त्याचे वस्तुमान काढता येईल. बोगद्यातील विवरे मोठी असणार असल्यामुळे त्यांच्या भिंतींवर अतिरिक्त शोधक बसवण्याच्याही सूचना आहेत. टक्कर घडवणाऱ्या यंत्राइतकाच या तपशिलांवर निकाल अवलंबून राहील.

इतर प्रस्तावांचा उल्लेख त्यामानाने लवकर आटोपता येतो. चीनच्या सीईपीसी या शंभर किलोमीटरच्या यंत्राची झेड-मोहीम याच तोडीची आहे, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक नाही. जपानमध्ये चर्चेत असलेला आयएलसी आणि सर्नचा क्लिक हे सरळ रेषेतील कोलायडर अधिक ऊर्जेवर चालतील. तेथे झेडपेक्षा जड न्यूट्रिनो निर्माण होऊ शकतात, पण मुख्यतः इलेक्ट्रॉन-जातीशी मिश्रण असेल तरच, आणि मिश्रण सी-सॉ रेषेच्या खूप वर असले तरच. सुमारे दहा टीईव्ही, म्हणजे दहा हजार जीईव्ही ऊर्जेचा म्यूऑन कोलायडर हेच काम म्यूऑन-जातीसाठी करील, मात्र २.२ मायक्रोसेकंद जगणाऱ्या कणांचा झोत थंड करून वेगवान करण्याची कला अजून हस्तगत व्हायची आहे. नव्वद किलोमीटरच्या बोगद्यात पुढे २०७० च्या दशकात बसवायचे प्रोटॉन यंत्र ८५ ते १०० टीईव्हीपर्यंत पोहोचेल. उजव्या न्यूट्रिनोला उजव्या हाताचे स्वतंत्र क्षीण बल लाभलेले असेल, जसे मोहपात्रा, जोगेश पती, अब्दुस सलाम आणि सेन्यानोविच यांनी १९७४-७५ मध्ये सुचवले होते, तर हे यंत्र खरे उपयोगाचे. त्या बलाचा वाहक एलएचसीने पाच-सहा टीईव्हीपर्यंत तरी पाहिलेला नाही.

कण सापडला, तर तो स्वतःचाच प्रतिकण आहे का, हा पुढचा प्रश्न. वाई-यी क्युंग आणि सेन्यानोविच यांनी १९८३ मध्ये दाखवलेली कसोटी प्रोटॉन यंत्रांवर चालते: जड न्यूट्रिनोच्या जन्माच्या वेळी एक म्यूऑन आणि मृत्यूच्या वेळी दुसरा म्यूऑन निघतो, आणि दोन्हींचा विद्युतभार एकाच चिन्हाचा निघाला तर लेप्टॉन-संख्या मोडली, असे ठरते. झेडच्या विघटनात जन्माच्या वेळचा सोबती स्वतः अदृश्य न्यूट्रिनो असल्यामुळे ही थेट कसोटी नाही; तेथे विघटनातल्या लेप्टॉनची दिशा आणि त्याचे चिन्ह यांची सांगड घालावी लागते, किंवा आयुर्मान मोजून ते अपेक्षेच्या निम्मे आहे का ते पाहावे लागते. चार-पाच घटनांत हे साधणार नाही. शेकडो घटना लागतील.

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. मासाताका फुकुगिता आणि यानागिदा यांनी १९८६ मध्ये सुचवले की विश्वाच्या आरंभी जड न्यूट्रिनोंच्या विघटनात द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांचे पारडे किंचित झुकले असावे आणि आज उरलेले सारे द्रव्य त्या झुकावाची शिल्लक असावी. त्यांच्या मूळ मांडणीत हे कण अतिप्रचंड वस्तुमानाचे होते. परंतु अख्मेदोव्ह, रुबाकोव्ह आणि स्मिर्नोव्ह यांनी १९९८ मध्ये दाखवले की जवळजवळ समान वस्तुमानाचे काही जीईव्हीचे जड न्यूट्रिनो एकमेकांत रूपांतर पावतानाही हे काम करू शकतात. म्हणजे झेड-यंत्राच्या टापूत सापडलेला कण एकाच वेळी न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचे आणि द्रव्याच्या उरण्याचे कारण असू शकेल.

असा दावा कोणी केला, तर तो तपासण्याचे साधन तिन्ही जातींशी असलेल्या मिश्रणाच्या गुणोत्तरात आहे. जड न्यूट्रिनो दोनच असतील, तर इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ यांच्याशी त्यांचे मिश्रण कोणत्या प्रमाणात असावे, हे हलक्या न्यूट्रिनोंच्या जातबदलाच्या आकड्यांनी बरेचसे बांधलेले असते. हलक्या तिघांपैकी दोन हलके व एक जड अशी मांडणी असल्यास इलेक्ट्रॉनचा वाटा लहान पडतो, उलट मांडणीत तो मोठा असू शकतो. चीनमधील जूनो प्रयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये वीस हजार टन प्रकाशदीप्त द्रवासह मोजणी सुरू केली आहे ती हीच मांडणी ठरवण्यासाठी, आणि अमेरिकेतील ड्यून व जपानमधील हायपर-कामिओकांडे हे प्रयोग जूनोच्या मागोमाग येत आहेत. जिनिव्हाच्या बोगद्यात पहिला झेड निर्माण होईपर्यंत हे गुणोत्तर एका लहानशा चौकटीत बंदिस्त झालेले असेल, आणि दूर फुटलेल्या त्या मोजक्या घटनांतले इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन मोजून ते त्या चौकटीत बसतात की नाही, एवढेच पाहायचे उरेल.